साडेतीन टनांचं गणित: डिझेल यूटमागे कॅरवान जोडताना

ऑस्ट्रेलियात टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर किंवा इसुझू डी-मॅक्सचं माहितीपत्रक उघडा. 'ओढण्याची क्षमता ३५०० किलो' हा आकडा हटकून ठळक छापलेला असतो. आकडा खोटा नाही. पण तो खरा ठरायचा असेल तर यूटमध्ये, म्हणजे मागे हौदा असलेल्या या पिकअप गाडीत, काय काय नसायला हवं, हे त्या पानावर लिहिलेलं नसतं.

हा लेख मेलबर्न, सिडनी, कॅनबेरा, ब्रिस्बेनकडच्या आपल्या मंडळींसाठी आहे. आधी यूट घेतली, मग जुनी कॅरवान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पाहून ठेवली, आणि आता ईस्टरच्या सुट्टीत सगळं कुटुंब घेऊन निघायचं आहे, असा बेत असणाऱ्यांसाठी. आपल्यापैकी बहुतेकांनी 'ओढणं' म्हणजे उसाची ट्रॉली पाहिलेली असते. तिथे जड ट्रॅक्टर हळूहळू जातो. इथे यूटपेक्षा जड, यूटपेक्षा उंच आणि चारी बाजूंनी वारा खाणारं खोकं ताशी ९०-१०० किलोमीटरनं मागून येत असतं. तो अनुभव इथे कामाला येत नाही.

माझं मत आधीच सांगतो: चौघांचं कुटुंब आणि मध्यम आकाराची डिझेल यूट असेल, तर सगळं भरून २५०० किलोच्या आसपास बसेल अशीच कॅरवान बघावी. त्यामागचा हिशेब पुढे आहे.

आधी पाट्या वाचा

गाडीला दोन मर्यादा असतात. जीव्हीएम म्हणजे यूट, त्यातली माणसं, सामान, आणि टो-बॉलवर, म्हणजे कॅरवान जिथे अडकते त्या यूटमागच्या गोळ्यावर, कॅरवानचा जो भार येतो तो धरून यूटचं कमाल वजन. जीसीएम म्हणजे यूट आणि कॅरवान मिळून कमाल वजन. कॅरवानच्या पाटीवर टेअर, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या कॅरवानचं वजन, आणि एटीएम, म्हणजे भरलेल्या कॅरवानचं कमाल वजन असतं. त्यातलं फक्त चाकांवर पडणारं वजन म्हणजे जीटीएम. जुनी कॅरवान घेताना विकणारा 'दोन हजारच किलो आहे हो' म्हणतो, तो बहुतेक वेळा टेअर सांगत असतो. आधीच्या मालकानं नंतर बसवलेलं ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर), एसी, जादा बॅटरी त्यात नसते.

आता एक गणित. आकडे गोल धरले आहेत. तुमच्या गाडीचे तिच्या पुस्तिकेतून घ्या. समजा, यूटचं कर्ब वजन, म्हणजे टाकी भरलेली पण आत माणूस नाही असं वजन, २१५० किलो आहे. जीव्हीएम ३१०० आणि जीसीएम ६०००. त्यात बुलबार (पुढची लोखंडी चौकट) ७०, टोबार (टो-बॉल बसतो तो मागचा दांडा) ५०, कॅनपी (हौद्यावरचं बंद छप्पर) आणि आतले ड्रॉवर १६०, रूफ रॅक ३०, फ्रिज, जादा बॅटरी आणि खाणं ६०, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं २३०, खुर्च्या-टेबल-हत्यारांची पेटी ७०. बेरीज ६७० किलो. यूट झाली २८२० किलोंची.

जीव्हीएमपर्यंत उरले २८० किलो. बॉलवर कॅरवानच्या वजनाच्या साधारण १० टक्के भार यायला हवा, म्हणजे कॅरवान जास्तीत जास्त २८०० किलोंची. जीसीएमच्या हिशेबात अजून ३८० किलो शिल्लक आहेत, पण त्यांचा उपयोग नाही; आधी जीव्हीएमनं हात अडवला. आणि एखाद्या कॅरवानचा बॉलवरचा भार १२ टक्के निघाला, तर तीच मर्यादा २३३० किलोंवर येते. ३५०० कुठच्या कुठे राहिलं.

यावर दुकानदार 'जीव्हीएम वाढवून घ्या, नवीन स्प्रिंग टाकून देतो' म्हणेल. रीतसर प्रमाणपत्रासह ते करता येतं. पण जीव्हीएम वाढलं म्हणून जीसीएम आपोआप वाढत नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्या. नाहीतर यूटमध्ये जे भराल ते कॅरवानमधून वजा होईल.

मागचा ॲक्सल

यूटमध्ये आणखी एक भानगड आहे. टो-बॉल मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, साधारण सव्वा मीटर. चाकांमधलं अंतर असतं ३.१ मीटरच्या आसपास. त्यामुळे बॉलवर २८० किलो ठेवले तर मागच्या ॲक्सलवर २८० नाही, सुमारे ३९० किलो येतात, आणि पुढच्या चाकांवरून ११० किलो उचलले जातात. तरफेचा नियम आहे, दुसरं काही नाही. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि रात्री समोरच्या गाड्या तुमच्यावर दिवे मारायला लागतात, कारण तुमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात असतात.

मागचा भाग दबतो म्हणून अनेक जण स्प्रिंगच्या मदतीला एअरबॅग, म्हणजे हवा भरायची रबरी उशी, घालतात. गाडी सरळ दिसते, पण मागच्या ॲक्सलवरचं वजन तेवढंच राहतं. उलट, जो भार पानपट्ट्यांच्या स्प्रिंगच्या दोन टोकांतून चॅसिसमध्ये जात होता, तो मधल्या एका जागी येतो. त्यात मागे जड कॅनपी, बॉलवर जास्त भार आणि खड्ड्यांचा कच्चा रस्ता जमून आला की चॅसिस वाकते. वाकलेल्या यूटचे फोटो इथल्या टोइंगवाल्यांत सर्रास फिरतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना एअरबॅग दिसते.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे जोडणीवर दांड्या लावून भार वाटणारं साधन, बॉलवरच्या भाराचा काही भाग पुन्हा पुढच्या चाकांवर आणि कॅरवानच्या चाकांवर नेतं. उपयोगी वस्तू आहे. पण तिनं कुठलीही छापील मर्यादा वाढत नाही, काही गाड्यांचे उत्पादक ती वापरायला मनाई करतात, आणि खोल नाले किंवा उंचवटे ओलांडताना तिच्या दांड्या काढाव्या लागतात. पुस्तिका पाहिल्याशिवाय घेऊ नका.

काट्यावर चढवा

अंदाज उपयोगाचा नाही. घरच्या तराजूवर डबे मोजून तर अजिबात नाही. प्रवासाला निघतो तसं सगळं भरून, टाकी भरून, माणसांसकट सार्वजनिक वजनकाट्यावर जा. कचरा डेपो, वाळू-खडीची यार्डं, धान्य कोठारं अशा ठिकाणी तो असतो. चार वजनं घ्यायची:

१. यूट आणि कॅरवान जोडलेली, दोन्ही काट्यावर. हे जीसीएमशी ताडायचं.
२. जोडलेलीच, पण काट्यावर फक्त कॅरवानची चाकं. हे जीटीएम.
३. जोडलेलीच, पण काट्यावर फक्त यूट. हे जीव्हीएमशी ताडायचं.
४. कॅरवान सोडून, एकटी यूट.

तिसऱ्यातून चौथं वजा केलं की बॉलवरचा भार मिळतो. तो दुसऱ्यात मिळवला की कॅरवानचं खरं वजन, ते एटीएमच्या आत हवं. जमलं तर यूटची फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पाचवं वजनही घ्या. मागच्या ॲक्सलची मर्यादा बहुतेक लोक पाहतच नाहीत. पावती गाडीत ठेवा.

वजन जास्त भरलं तर दंड होऊ शकतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

सामान कुठे ठेवायचं

जड वस्तू खाली, आणि कॅरवानच्या चाकांच्या आसपास. शेपटीकडे जड काही नको. वजन थोडं असलं तरी टोकाला ठेवल्यानं फरक मोठा पडतो: मागच्या बंपरवर दोन सायकली आणि जादा चाक लावलं की बॉलवरचा भार कमी होतो, आणि एकदा मागून वळवळ सुरू झाली की त्याच वजनामुळे ती थांबायला वेळ लागतो.

आपल्या स्वयंपाकघराचा इथे खास विचार करावा लागतो. दहा किलोंची तांदळाची गोणी, कणकेचा डबा, डाळी, तेलाचा कॅन, पाच लिटरचा कुकर, लोखंडी तवा हे सगळं बहुतेक कॅरवानमध्ये मागच्या किंवा वरच्या कपाटात जातं, कारण ओटा तिथेच असतो. तांदूळ आणि पीठ मधल्या पलंगाखाली हलवा. वरच्या कपाटात पोहे, चिवडा, पापड आणि चहाचे कप ठेवायला हरकत नाही.

पाण्याचं विसरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन टाक्या मिळून दीडशे-पावणेदोनशे लिटर सहज होतात, आणि टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे यावर ती भरल्यानं बॉलवरचा भार वाढणार की घटणार हे ठरतं. जिथे पाणी मिळणार आहे तिथे भरलेली टाकी ओढत नेण्यात अर्थ नाही.

ब्रेक

कायदा असा आहे: जीटीएम ७५० किलोंपर्यंत ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो. ७५१ ते २००० किलोंपर्यंत निदान एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. २००० किलोंच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत आणि ब्रेकअवे यंत्रणाही: कॅरवान सुटली तर ब्रेक आपोआप लागून निदान १५ मिनिटं धरून राहिले पाहिजेत.

इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर यूटमध्ये कंट्रोलर बसवावा लागतो. बसवून झालं म्हणजे झालं नाही. कॅरवानचे ब्रेक किती जोरात लागावेत, याचा आकडा त्यावर जुळवावा लागतो. मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ला जाऊन हातानं फक्त कॅरवानचे ब्रेक दाबा. कॅरवाननं गाडीला मागून घट्ट धरल्यासारखं वाटलं पाहिजे, पण तिची चाकं जाम होऊन टायर घासता कामा नयेत. चाकं जाम झाली तर आकडा कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. कॅरवान रिकामी असताना लावलेला आकडा भरल्यावर पुरत नाही, आणि कच्च्या रस्त्यावर तो जास्त होतो. म्हणून ही चाचणी भाराप्रमाणे पुन्हा करायची. कंट्रोलरचं बटण न बघता हाताला सापडेल, इतका सराव घरासमोरच करून ठेवा. का, ते पुढे येईल.

जोडणी

क्रम चुकवू नका, आणि मधेच कुणी बोलायला आलं तर पहिल्यापासून तपासा.

१. कॅरवानचा हँडब्रेक ओढा, चाकांना अडणी लावा. जॉकी व्हीलनं (कॅरवानच्या पुढचं, खालीवर होणारं छोटं चाक) कपलिंग, म्हणजे बॉलवर बसणारी कॅरवानची वाटी, बॉलपेक्षा उंच करा.
२. यूट मागे घ्या, कपलिंग बॉलवर उतरवा, खिटी बसवा.
३. आता जॉकी व्हील पुन्हा थोडं खाली फिरवा. यूटची शेपटी कपलिंगबरोबर वर उचलली गेली, तर जोडणी पक्की. कपलिंग एकटंच वर आलं, तर ते बॉलवर बसलेलंच नाही.
४. साखळ्या कपलिंगखालून फुलीसारख्या ओलांडून, वजनाची क्षमता कोरलेल्या डी-शॅकलनी लावा. एटीएम २५०० किलोंच्या वर असेल तर दोन साखळ्या लागतातच.
५. ब्रेकअवेची तार यूटच्या पक्क्या भागाला लावा, साखळीला किंवा टो-बॉलच्या निघणाऱ्या जिभेला नाही. जीभच निघून आली तर तार ओढली कशी जाणार?
६. प्लग लावा. इंडिकेटर, ब्रेकलाइट, मागचे दिवे दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या.
७. जॉकी व्हील पूर्ण वर करून अडकवा, मग अडणी काढा, हँडब्रेक सोडा.

कॅरवान यूटपेक्षा रुंद असेल तर आरशांना जोड-आरसे लावावे लागतात. यूटच्या मागच्या टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या पाटीवर 'भरलेली गाडी' म्हणून दिलेली असते, तेवढी ठेवा. चाकाचे नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पान्यानं पुन्हा तपासा, विशेषतः चाकं नुकतीच काढून बसवली असतील तर.

रस्त्यावर

ताशी ९० हा चांगला वेग आहे. न्यू साउथ वेल्समध्ये जोडगाडीचं जीसीएम ४.५ टनांच्या वर असेल तर पाटीवर ११० असलं तरी मर्यादा १०० ची. जोडगाडीची लांबी ७.५ मीटर किंवा जास्त असेल, आणि कॅरवान लावल्यावर ती असतेच, तर गावाबाहेर पुढच्या लांब वाहनामागे निदान ६० मीटर अंतर ठेवायचं. यूएचएफ रेडिओ असेल तर ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर असतात आणि कॅरवानवाले १८ वर. मागून ट्रक आला की 'मी आहे तसाच चालतोय, तू जा' एवढं सांगितलं तरी दोघांचं काम सोपं होतं. तो ओलांडत असताना वेग वाढवू नका, एकदम कमीही करू नका. त्याच्या पुढची हवा आधी कॅरवानला बाजूला ढकलते आणि मग ओढून घेते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग स्थिर धरा, एवढंच.

कॅरवान डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागली तर पायाखालचा ब्रेक जोरात दाबू नका आणि स्टिअरिंगनं झोका पकडायला जाऊ नका. तुमचा हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोहोचतो आणि त्याला आणखी बळ देतो. ॲक्सिलरेटर हळू सोडा, स्टिअरिंग सरळ ठेवा, आणि कंट्रोलरचं ते बटण दाबून फक्त कॅरवानचे ब्रेक लावा. मागचं खोकं ताणलं गेलं की जोडगाडी सरळ होते. हे झाल्यावर 'आज वारा होता' म्हणून पुढे जाऊ नका. थांबा. सामान पुढे सरकवा, टायरची हवा बघा, आणि उरलेला रस्ता कमी वेगानं जा.

डिझेलचा खर्चही ध्यानात घ्या. एरवी १०० किलोमीटरला ९ लिटर खाणारी यूट मोठी कॅरवान मागे असली की १६-१८ लिटर सहज खाते. ७६ लिटरच्या टाकीत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, समोरून वारा असेल तर त्याहून कमी. पंप अर्ध्या टाकीवर शोधायला लागा.

घाट

डिझेलचं बळ कमी आरपीएमवर मिळतं, म्हणून लोक सगळ्यात वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवत चढतात. ऑटोमॅटिक गाडी चढावर सारखी गिअर बदलत असेल, तर तिला टो मोडमध्ये टाका किंवा हातानं एक-दोन गिअर खाली धरून ठेवा. सारख्या बदलांनी ट्रान्समिशनचं तेल तापतं, आणि ते बिल इंजिनच्या बिलासारखंच असतं. इंजिनचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, वेग कमी करा, गिअर खाली घ्या म्हणजे पंखा आणि पंप जोरात फिरतील. माथ्यावर पोहोचून लगेच चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटं तशीच चालू ठेवा, टर्बोला थंड होऊ द्या. एक चांगली गोष्ट म्हणजे डीपीएफला, म्हणजे धुराच्या गाळणीला, हा प्रवास मानवतो. गरम धुरानं तिच्यातली काजळी जळून जाते. रोजच्या शाळा-दुकान फेऱ्यांत ती तुंबते.

खरी परीक्षा उतारावर असते. पेट्रोल इंजिन पाय उचलला की हवा अडवून गाडीला मागे ओढतं. डिझेलमध्ये हवा तशी अडवली जात नाही, त्यामुळे इंजिनाचं धरणं कमजोर. कॅनबेराहून बेटमन्स बेकडे जाताना ब्रेडवूड सोडलं की किंग्ज हायवे क्लाईड माउंटनवरून खाली उतरतो: तीव्र उतार, नागमोडी वळणं, आणि एका वळणावर पू बेअर्स कॉर्नर, जिथल्या छोट्या गुहेत लोक टेडी बेअर ठेवून जातात. मुलं ते बघायला मागतील. कॅरवान मागे असेल तर तिथे थांबण्याचा विचारही करू नका.

उतार सुरू होण्याच्या आधी, माथ्यावरच वेग कमी करा आणि गिअर खाली घ्या. त्या उतारावर चढायला जो गिअर लागला असता तोच. मग ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही: वेग थोडा वाढू द्या, घट्ट दाबून कमी करा, पूर्ण सोडा. मधल्या वेळात डिस्क आणि ड्रम थंड होतात. करपल्याचा वास आला किंवा पेडल मऊ झालं तर पहिली सुरक्षित जागा बघून थांबा. थांबल्यावर हात चाकाच्या हबजवळ न्या, लगेच टेकवू नका. चारांपैकी एकच जास्त तापला असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय.

मागे घेणं

कॅरवान पार्कमध्ये पोहोचलात की प्रेक्षक तयार असतात. स्टिअरिंग खालून, घड्याळाच्या सहाच्या जागी धरा. कॅरवानची शेपटी ज्या बाजूला न्यायची, हात त्या बाजूला सरकवा. थोडाच. चुकलं तर पुढे घेऊन सरळ करा. त्यात कमीपणा नाही. छोटा ट्रेलर पटकन दुमडतो, लांब कॅरवान हळू वळते, म्हणून शिकायला कॅरवान सोपी. शक्य तिथे ड्रायव्हरच्या, म्हणजे उजव्या बाजूला वळेल अशी जागा घ्या. डावीकडे काय चाललंय ते आरशात अर्धंच दिसतं.

मागे उभं राहणाऱ्यानं आपल्या ट्रकच्या क्लीनरसारखं 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!' करायला हरकत नाही, फक्त ते ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभं राहून. आरशातून माणूस नाहीसा झाला की गाडी थांबवायची, हा नियम आधीच ठरवून घ्या. आणि झाडाच्या फांद्या वर बघायला एक जण ठेवा.

परत आल्यावर

ओढणाऱ्या गाडीची सर्व्हिस पुस्तिकेतल्या 'कठीण वापर' या तक्त्याप्रमाणे करून घ्या, ट्रान्समिशनचं तेल धरून. कॅरवानच्या चाकांच्या बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस हवं. बोट ट्रेलर पाण्यात घालत असाल तर लवकर. टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष: '१५१९' म्हणजे २०१९ चा पंधरावा आठवडा. वर्षाचे दहा महिने उन्हात उभ्या कॅरवानचे टायर झिजत नाहीत, पण कडक होऊन चिरतात. जुनी कॅरवान घेताना नक्षी बघण्याआधी हा शिक्का बघा, आणि टायर जुने असतील तर नव्या टायरची किंमत विकणाऱ्याशी बोलतानाच वजा करून घ्या.